घरी बांधलेल्या इंधन-इंजेक्शन प्रणालीसाठी इंजेक्टर कसे निवडावेत

कार्बोरेटर काढून त्याच्या जागी स्वतः जुळवलेली इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन प्रणाली बसवायचे ठरले की बहुतेकांचे लक्ष इसीयूकडे, म्हणजे इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाकडे जाते आणि इंजेक्टर मात्र ‘मिळाले ते’ या न्यायाने घेतले जातात. वास्तविक इंधन मोजून देण्याचे काम इंजेक्टरच करतो. इसीयू त्याला किती वेळ उघडे राहायचे एवढेच सांगतो. त्या वेळात नेमके किती पेट्रोल पडेल हे इंजेक्टरचे माप, त्याच्यावरचा दाब आणि त्याच्या कॉइलला मिळणारा व्होल्टेज यांवर ठरते. मेगास्क्वर्ट किंवा स्पीडुइनो यांसारख्या घरी जुळवता येणाऱ्या इसीयूवर कितीही मेहनत घेतली, तरी चुकीच्या मापाच्या इंजेक्टरने इंजिन आयडलिंगला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता चालू असताना, कधीच स्थिर होत नाही.

येथे विचार केला आहे तो इनटेक पोर्टमध्ये किंवा थ्रॉटल बॉडीत पेट्रोल फवारणाऱ्या, साधारण १ ते ४ बार दाबावर चालणाऱ्या इंजेक्टरचा. सिलिंडरच्या आत थेट फवारणारे आधुनिक पेट्रोल इंजेक्टर आणि डिझेलचे इंजेक्टर यांना याहून कित्येक पटींनी जास्त दाब आणि वेगळी विद्युत यंत्रणा लागते. भंगारात ते स्वस्त मिळाले, तरी या कामासाठी त्यांचा काही उपयोग नाही.

माझे मत सुरुवातीलाच स्पष्ट करतो. इंजिनाच्या कमाल शक्तीला पुरेल एवढा, आणि त्याहून फार मोठा नाही, असा इंजेक्टर घ्यावा. ‘मोठा घेऊन ठेवू, पुढे कामी येईल’ हा विचार कार्बोरेटरच्या जेटबाबत फारसा महागात पडत नाही, कारण जेट बदलता येतो. इंजेक्टरबाबत मात्र तो रोजच्या वापरातला त्रास ठरतो, कारण इंजिनाचे बरेचसे आयुष्य पूर्ण शक्तीवर जात नाही. ते आयडलिंगवर आणि अर्ध्याहून कमी थ्रॉटलवर जाते.

कमाल शक्तीला किती इंधन लागते

पहिला हिशेब शक्तीवरून करता येतो. टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन पूर्ण थ्रॉटलवर, थोड्या रिच, म्हणजे इंधन जास्त असलेल्या मिश्रणावर चालताना, प्रत्येक किलोवॅटमागे तासाला सुमारे ३०० ग्रॅम इंधन खाते असे धरावे; टर्बो किंवा सुपरचार्जर असलेल्या इंजिनासाठी हाच आकडा ३६५ ग्रॅमच्या आसपास धरणे सुरक्षित असते, कारण अशा इंजिनाला नॉकिंगपासून, म्हणजे मिश्रण अवेळी भडकण्यापासून वाचवण्यासाठी मिश्रण अधिक रिच ठेवावे लागते. अश्वशक्तीत आणि पाउंडात विचार करणाऱ्यांच्या परिचयाचे ०.५ आणि ०.६ हे आकडे म्हणजे हेच दोन आकडे होत.

उदाहरणासाठी १६०० सीसीचे, चार सिलिंडरचे, ६००० आरपीएमला ८० किलोवॅट म्हणजे सुमारे १०७ अश्वशक्ती देणारे इंजिन घेऊ. ८० गुणिले ३०० म्हणजे तासाला २४,००० ग्रॅम, म्हणजेच मिनिटाला ४०० ग्रॅम पेट्रोल झाले. पेट्रोलची घनता लिटरमागे सुमारे ०.७४५ किलो धरली, तर हे मिनिटाला ५३७ सीसी होते, आणि चार इंजेक्टरांत वाटले की प्रत्येकी १३४ सीसी. इंजेक्टर सतत शंभर टक्के उघडा ठेवता येत नाही. त्याचे तोंड उघडणारी-बंद करणारी सुई उठायला आणि बसायला वेळ लागतो, ती उचलणारी कॉइल तापली की तिचा रोध वाढतो, बॅटरीचा व्होल्टेज खालीवर होतो. शिवाय एकाएकी थ्रॉटल उघडल्यावर किंवा थंड, दाट हवेत थोडे जास्त इंधन द्यावे लागते, त्यासाठी जागा राखून ठेवावी लागते. म्हणून ड्यूटी सायकल, म्हणजे एकूण वेळापैकी इंजेक्टर उघडा राहण्याचे प्रमाण, ८० टक्क्यांच्या आत ठेवण्याची पद्धत आहे. १३४ ला ०.८ ने भागले की १६८ सीसी प्रति मिनिट हा आकडा मिळतो.

या आकड्याची दुसऱ्या मार्गाने पडताळणी करावी, विशेषतः इंजिनाची खरी शक्ती ठाऊक नसेल तेव्हा. एका सिलिंडरचे आकारमान ४०० सीसी आहे. ६००० आरपीएमला तो ८५ टक्के भरतो असे मानले आणि आत येणाऱ्या हवेची घनता लिटरमागे १.१८ ग्रॅम धरली, तर एका चक्रात सुमारे ०.४ ग्रॅम हवा आत जाते. पूर्ण शक्तीला हवा आणि इंधन यांचे प्रमाण १२.८ ठेवायचे म्हटले, तर ०.०३१ ग्रॅम, म्हणजेच साधारण ४२ मायक्रोलिटर पेट्रोल लागते. पहिल्या हिशेबातले १३४ सीसी मिनिटाच्या ३००० फवाऱ्यांत (फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक फवारा) वाटले, तर प्रत्येक फवाऱ्याला ४५ मायक्रोलिटर येतात. दोन स्वतंत्र वाटांनी आलेले आकडे इतके जवळ असले की पुढे जायला हरकत नसते. ते दुपटीने वेगळे आले, तर शक्तीचा आकडा मनातला आहे की प्रत्यक्षातला, हे आधी तपासावे. जुन्या इंजिनाला इंजेक्शन बसवल्याने शक्ती नाट्यमयरीत्या वाढत नाही, आणि स्वप्नातल्या अश्वशक्तीवर इंजेक्टर घेणे हेच इंजेक्टर गरजेपेक्षा मोठे होण्याचे सर्वांत मोठे कारण आहे.

टू-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला एक फवारा लागतो, त्यामुळे ६००० आरपीएमला फोर-स्ट्रोकला जिथे २० मिलिसेकंद मिळतात तिथे त्याला १० च मिळतात. वेळेचा हिशेब त्याप्रमाणे करावा.

इंधन कोणते वापरणार हेही याच टप्प्यावर ठरवावे. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला १४.७ पट हवा लागते, २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला सुमारे १३.५ पट आणि ८५ टक्के इथेनॉल असलेल्या इंधनाला ९.८ पट. म्हणजे तेवढ्याच हवेला २० टक्क्यांच्या मिश्रणात इंधन आकारमानाने साधारण ८ टक्के जास्त लागते, तर ८५ टक्क्यांच्या मिश्रणात ४० टक्क्यांच्या आसपास जास्त. पहिला फरक राखून ठेवलेल्या जागेत मावतो. दुसऱ्यासाठी इंजेक्टरचे माप आणि पंप दोन्ही बदलावे लागतात. इथेनॉलच्या संपर्कात टिकणाऱ्या ओ-रिंगा आणि नळ्या वापराव्या लागतात, ते वेगळेच.

खालच्या टोकाचा हिशेब

कमाल शक्तीचा हिशेब बहुतेक जण करतात, आयडलिंगचा फार थोडे जण करतात, आणि खरी निवड इथेच होते.

इंजेक्टरला वीज मिळताक्षणी तो उघडत नाही. कॉइलमधला प्रवाह वाढून चुंबकाने सुई उचलेपर्यंत काही काळ जातो. वीज तोडल्यावर सुई बसायलाही थोडा वेळ लागतो, पण तो उघडण्याच्या वेळेपेक्षा कमी असतो. या दोन्हींतील फरकाला डेड टाइम म्हणतात. १४ व्होल्टला तो साधारण १ मिलिसेकंदाच्या आसपास असतो आणि व्होल्टेज घसरला की वाढतो. स्टार्टर फिरत असताना बॅटरी ९-१० व्होल्टपर्यंत खाली आली, तर तो दुपटीच्या जवळ जाऊ शकतो. इसीयूने ३ मिलिसेकंदांचा पल्स दिला, म्हणजे तेवढा वेळ वीज दिली, तर इंधन जेमतेम २ मिलिसेकंदांचे पडते. पल्स फार लहान झाला की सुई पूर्ण उघडण्याआधीच परत बसू लागते आणि इंधनाचे पल्सशी असलेले सरळ नाते तुटते. इंजेक्टरच्या रचनेनुसार ही सीमा बदलते, पण जुन्या इंजेक्टरांच्या बाबतीत डेड टाइम धरून २ मिलिसेकंदांच्या खालचे क्षेत्र भरवशाचे मानू नये.

आता तेच १६०० सीसीचे इंजिन ८०० आरपीएमला आयडलिंग करत आहे आणि तासाला ०.८ लिटर पेट्रोल खात आहे असे समजू. मिनिटाला १३.३ सीसी, प्रत्येक सिलिंडरला ३.३ सीसी, आणि मिनिटातील ४०० फवाऱ्यांत वाटले की एका फवाऱ्याला सुमारे ८.३ मायक्रोलिटर होतात. २०० सीसी प्रति मिनिटाचा इंजेक्टर एका मिलिसेकंदात ३.३३ मायक्रोलिटर देतो, म्हणजे त्याला २.५ मिलिसेकंद प्रत्यक्ष उघडे राहावे लागेल. डेड टाइम धरून साडेतीन. हे काम तो आरामात करतो. त्याच जागी ५५० सीसीचा इंजेक्टर लावला, तर त्याला ०.९ मिलिसेकंदच उघडे राहायचे आहे. एवढ्या लहान पल्समध्ये दहाव्या हिश्शाच्या मिलिसेकंदाची गफलत झाली, तरी इंधन ११ टक्क्यांनी बदलते. चार इंजेक्टरांच्या डेड टाइममध्ये नेहमी असणारा किंचित फरकही मग प्रत्येक सिलिंडरचे मिश्रण वेगवेगळे करायला पुरतो.

इसीयू इंजेक्टर कोणत्या पद्धतीने चालवणार आहे हे इथे फार महत्त्वाचे ठरते. प्रत्येक सिलिंडरच्या चक्राशी जुळवून एकदाच फवारायचे असेल, तर कॅमशाफ्टचा सेन्सर लागतो. घरगुती प्रणालींत तो अनेकदा नसतो, आणि सर्व इंजेक्टर किंवा त्यांच्या जोड्या एका चक्रात दोनदा फवारल्या जातात. मग प्रत्येक फवारा निम्मा होतो, डेड टाइम मात्र दोनदा खर्च होतो. २०० सीसीच्या इंजेक्टरसाठी आयडलिंगचा प्रत्येक फवारा सव्वा मिलिसेकंदाचा होतो, जे अजूनही निभावते. ५५० सीसीसाठी तो अर्ध्या मिलिसेकंदाच्याही खाली जातो, आणि अशा वेळी इसीयूच्या इंधन-टेबलातले आकडे कितीही बदलले तरी आयडलिंग जागेवर येत नाही. वरच्या टोकाला तपासले, तर ६००० आरपीएमला २०० सीसीचा इंजेक्टर एकदाच फवारताना ४५ मायक्रोलिटरसाठी साडेतेरा अधिक एक, म्हणजे साडेचौदा मिलिसेकंद घेतो. उपलब्ध २० पैकी ७२ टक्के. दोनदा फवारताना साडेपंधरा, म्हणजे ७८ टक्के. १६८ सीसीचा इंजेक्टर घेतला असता, तर डेड टाइम धरून हेच प्रमाण अनुक्रमे ८५ आणि ९० टक्क्यांच्या घरात गेले असते. म्हणून या इंजिनासाठी १९० ते २०० सीसीचे माप मला सर्वांत योग्य वाटते. पाउंडात ते साधारण १९ पाउंड प्रति तास होते, कारण एक पाउंड प्रति तास म्हणजे सुमारे १०.५ सीसी प्रति मिनिट.

एक सिलिंडरच्या लहान इंजिनाची अडचण उलट दिशेने येते. ६ किलोवॅटच्या इंजिनाला वरच्याच हिशेबाने जेमतेम ५० सीसी प्रति मिनिटाचा इंजेक्टर पुरतो, आणि मोटारीतून काढलेला सर्वांत लहान इंजेक्टरही बहुधा त्याच्या दुप्पट-तिप्पट निघतो. अशा इंजिनासाठी इंजेक्शन असलेल्या तेवढ्याच आकाराच्या दुचाकीचा इंजेक्टर शोधणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

ज्यांना आयडलिंगही गुळगुळीत हवे आणि टर्बोवर भरपूर इंधनही हवे, त्यांनी प्रत्येक सिलिंडरला एक लहान आणि एक मोठा असे दोन इंजेक्टर लावून मोठा केवळ गरजेच्या वेळी चालवण्याचा विचार करावा. पण त्याआधी इसीयूला ती सोय आहे का, हे पाहावे.

दाबाचे गणित

इंजेक्टरवर लिहिलेला प्रवाहाचा आकडा विशिष्ट दाबापुरताच खरा असतो. बहुतेक उत्पादक तो ३ बार दाबावर देतात, काही २.५ किंवा ४ बारवर देतात. दाब न सांगता दिलेल्या आकड्याला अर्थ नसतो. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. ३ बारवर २०० सीसी देणारा इंजेक्टर ४ बारवर ८०० नव्हे, २६७ही नव्हे, तर सुमारे २३१ सीसी देतो. थोडा कमी पडणारा इंजेक्टर दाब वाढवून चालवून घेणे शक्य असते, पण जास्त दाबाविरुद्ध सुई उचलायला वेळ लागतो म्हणून डेड टाइम वाढतो, आणि त्याच वेळी पंपाचा प्रवाह घटतो. आकडे देणारी प्रयोगशाळा चाचणीसाठी अनेकदा पेट्रोलऐवजी एन-हेप्टेन वापरते, त्यामुळे प्रत्यक्ष मोजणीत काही टक्क्यांचा फरक दिसला तर बिचकू नये.

हा दाब म्हणजे रेलमधला (इंजेक्टरांना इंधन पुरवणाऱ्या नळीतला) आणि मॅनिफोल्डमधला (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांतला) यांचा फरक, हे कायम ध्यानात ठेवावे. मॅनिफोल्डला नळीने जोडलेला रेग्युलेटर, म्हणजे दाब नियंत्रित करणारी झडप, हा फरक स्थिर ठेवते. मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम वाढला की ती रेलचा दाब तेवढाच उतरवते. नळी नसलेल्या रेग्युलेटरवर आयडलिंगच्या व्हॅक्यूममुळे हा फरक ३ ऐवजी ३.६५ बारपर्यंत जातो आणि इंजेक्टर १० टक्के जास्त इंधन देतो. टर्बोच्या १ बार बूस्टखाली, म्हणजे हवेच्या जादा दाबाखाली, तोच फरक २ बारवर येतो आणि इंजेक्टर १८ टक्के कमी देतो, तेही इंजिनाला इंधनाची सर्वांत जास्त गरज असताना. टर्बो इंजिनावर मॅनिफोल्डशी जोडलेला रेग्युलेटरच वापरावा, यात तडजोड करू नये.

पंपाची क्षमता मोजताना मोकळ्या तोंडाचा प्रवाह पाहू नये. ज्या दाबावर प्रणाली चालणार त्या दाबावरचा प्रवाह पाहावा. आपल्या उदाहरणातल्या इंजिनाला तासाला ३२ लिटर लागतात, तेव्हा ३ बारवर निदान ४५ लिटर देणारा पंप असावा.

कॉइलचा रोध

मल्टिमीटर लावला की इंजेक्टरचे दोन गट लगेच वेगळे होतात. १२ ते १६ ओहम दाखवणारे उच्च रोधाचे इंजेक्टर थेट साध्या ट्रान्झिस्टरने चालू-बंद करता येतात. १४ व्होल्टवर त्यांना जेमतेम सव्वा अँपिअर लागतो. २ ते ३ ओहमचे कमी रोधाचे इंजेक्टर थेट जोडले, तर ते साधारण ५ ते ७ अँपिअर प्रवाह ओढतात, आणि इसीयूचा ड्रायव्हर किंवा इंजेक्टरची कॉइल यांपैकी काहीतरी जळते. त्यांच्यासाठी आधी मोठा प्रवाह देऊन सुई उचलणारा आणि मग कमी प्रवाहावर ती धरून ठेवणारा खास ड्रायव्हर लागतो. तो नसेल तर प्रत्येक इंजेक्टरच्या वायरीत ८ ओहमच्या आसपासचा, २५ वॅटचा रेझिस्टर लावून प्रवाह सव्वा ते दीड अँपिअरवर आणता येतो. मात्र असे केल्याने सुई सावकाश उठते आणि डेड टाइम वाढतो. हे रेझिस्टर चांगलेच तापतात, त्यामुळे ते धातूच्या पट्टीवर, वायरिंगपासून आणि इंधनाच्या नळ्यांपासून दूर बसवावेत.

नव्याने प्रणाली बांधणाऱ्याने उच्च रोधाचे इंजेक्टर घ्यावेत असेच मी सुचवेन. पूर्वी मोठ्या प्रवाहाचे इंजेक्टर कमी रोधाचेच मिळत, म्हणून ती कसरत करावी लागे. आज मोठ्या मापातही उच्च रोधाचे उत्तम इंजेक्टर मिळतात. रोध मोजताना मल्टिमीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध वजा करायला विसरू नये, कारण २ ओहमच्या मोजणीत तो दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. आणि कमी रोधाच्या इंजेक्टरला ‘चालतो का’ हे पाहण्यासाठी बॅटरीच्या तारा थेट लावू नयेत.

आकार, कनेक्टर आणि फवारा

जागेत न बसणारा इंजेक्टर कितीही योग्य मापाचा असला तरी निरुपयोगी आहे. बॉशचा जुना ईव्ही१ आणि त्यानंतरचा सडपातळ ईव्ही६ यांची ओ-रिंगपासून ओ-रिंगपर्यंतची लांबी साधारण ६० मिलिमीटर असते, तर ईव्ही१४ हा प्रकार त्या लांबीतही मिळतो आणि आखूड आवृत्त्यांतही. वरच्या ओ-रिंगचे माप बहुतेक १४ मिलिमीटरचे, काही जपानी इंजेक्टरांत ११ चे असते. रेल तयार करून घेण्याआधी इंजेक्टर हातात असावेत; कागदावरच्या मापांवर रेल बनवून मग त्यात बसणारे इंजेक्टर शोधणे हा उलटा क्रम आहे. बाजूने इंधन घेणारे इंजेक्टर खास घडवलेल्या रेलशिवाय वापरता येत नाहीत, म्हणून घरगुती कामात ते टाळावेत. कनेक्टरचेही दोन-तीन प्रकार आहेत. कनेक्टर इंजेक्टरसोबतच मिळवावेत, म्हणजे नंतर वायरी जोडून भागवावे लागत नाही.

फवाऱ्याचा आकार सिलिंडर हेडवर अवलंबून असतो. एक इनटेक व्हॉल्व्ह असलेल्या हेडला एकच अरुंद शंकू हवा, तर दोन इनटेक व्हॉल्व्ह असलेल्या हेडला दोन दिशांना जाणारा दुहेरी फवारा हवा, म्हणजे इंधन मधल्या भिंतीवर न आपटता दोन्ही व्हॉल्व्हच्या पाठीवर पडते. दुहेरी फवाऱ्याचा इंजेक्टर बसवताना तो स्वतःभोवती योग्य कोनात फिरवलेला असावा लागतो. नव्वद अंशांनी चुकला तर दोन्ही फवारे भिंतींवर जातात. सुईचे टोक बाहेर डोकावणाऱ्या जुन्या रचनेपेक्षा चार किंवा अधिक बारीक छिद्रांची चकती असलेले नवे इंजेक्टर थेंब अधिक बारीक करतात, आणि थंड इंजिन सुरू करताना हा फरक स्पष्ट जाणवतो. मॅनिफोल्डमध्ये बुशिंग वेल्ड करून घेताना इंजेक्टरचे टोक पोर्टच्या आत खोल भोकात दडलेले राहू नये आणि फवाऱ्याचा अक्ष व्हॉल्व्हच्या डोक्याकडे जावा, यासाठी सरळ सळई घालून रोख आधीच पाहून घ्यावा.

वापरलेले इंजेक्टर घ्यावेत की नवे

चांगल्या उत्पादकाचे, माहितीपत्रकासह मिळणारे नवे इंजेक्टर हा सर्वांत सोपा मार्ग आहे, आणि माहितीपत्रकात प्रवाहाबरोबर वेगवेगळ्या व्होल्टेजला डेड टाइमचा तक्ता दिला असेल, तर थोडे जास्त पैसे देणे मला सार्थ वाटते. नामांकित नावाचे बनावट इंजेक्टर सर्रास विकले जातात. एकाच संचातल्या चारही इंजेक्टरांचा प्रवाह वेगवेगळा असणे ही त्यांची नेहमीची खूण आहे. वापरलेले इंजेक्टर एकाच इंजिनातून निघालेल्या पूर्ण संचात घ्यावेत, अल्ट्रासॉनिक पद्धतीने स्वच्छ करून घ्यावेत, आणि त्यांच्या आतली जाळी व ओ-रिंगा नव्या घालाव्यात.

नवे असोत की जुने, मोजल्याशिवाय बसवू नयेत. रेल, पंप आणि रेग्युलेटर टेबलावर जोडून चारही इंजेक्टरखाली मोजपात्रे ठेवावीत. पेट्रोलची वाफ ठिणगीला तत्काळ पेट घेते, म्हणून हे काम इंजेक्टर तपासणीसाठी मिळणाऱ्या कमी ज्वलनशील द्रवाने, मोकळ्या हवेत, स्विच आणि बॅटरी दूर ठेवून, हाताशी अग्निशामक असतानाच करावे. आधी वीज न देता केवळ दाब चढवून काही मिनिटे थांबावे. टोकाला थेंब लोंबणारा इंजेक्टर बाजूला काढावा. मग इसीयूच्या चाचणी सोयीचा वापर करून ठराविक रुंदीचे १००० पल्स द्यावेत आणि पडलेला द्रव मोजावा. समजा ४ मिलिसेकंदांच्या १००० पल्सना १० सीसी आणि ८ मिलिसेकंदांच्या १००० पल्सना २३.३ सीसी मिळाले. वाढलेल्या ४ मिलिसेकंदांनी १३.३ सीसी दिले, म्हणजे मिलिसेकंदाला ३.३३, अर्थात मिनिटाला २०० सीसी. १० सीसीसाठी ३ मिलिसेकंद पुरायला हवे होते, पल्स मात्र ४ चा होता. उरलेला १ मिलिसेकंद हा त्या व्होल्टेजचा डेड टाइम. हीच मोजणी १०, १२ आणि १४ व्होल्टला केली, की इसीयूला हवा असलेला तक्ता घरीच तयार होतो. २, २.५ आणि ३ मिलिसेकंदांच्या पल्सवरही एकदा मोजून पाहावे. ज्या पल्सखाली आकडे या सरळ रेषेतून सुटतात, तीच त्या इंजेक्टरची खालची मर्यादा. चारही इंजेक्टरांतला फरक दोन-तीन टक्क्यांच्या आत असावा.

बसवताना ओ-रिंगांना इंजिन ऑइलचे बोट लावावे, सिलिकॉनचे वंगण टाळावे, कारण ते ऑक्सिजन सेन्सर बिघडवते. पंपानंतर इंजेक्शनसाठीचा बारीक फिल्टर असावा आणि नळ्या इंजेक्शनच्या दाबाला पुरणाऱ्या असाव्यात. कार्बोरेटरची साधी नळी ३ बारवर फुटते किंवा जोडातून निसटते, आणि गरम इंजिनावर ते जीवघेणे ठरते.

मोजलेला प्रवाह आणि डेड टाइमचा तक्ता इसीयूत भरून, इंजिन गरम झाल्यावर वाइडबँड ऑक्सिजन सेन्सरने (हवा-इंधनाचे नेमके प्रमाण दाखवणाऱ्या) मिश्रण तपासावे. चूक प्रत्येक लोडवर सारख्याच टक्क्यांनी दिसत असेल, तर भरलेला प्रवाहाचा आकडा चुकला आहे. आयडलिंगला मोठी चूक आणि वर जाऊ तशी ती विरत असेल, तर डेड टाइम चुकला आहे. दिवे आणि पंखा लावताच मिश्रण बदलत असेल, तर व्होल्टेजचा तक्ता चुकला आहे. आणि खाली सगळे ठीक असूनही केवळ पूर्ण थ्रॉटलवर मिश्रण लीन, म्हणजे इंधन कमी असलेले होत असेल, तर इसीयूतले आकडे वाढवण्याआधी रेलला प्रेशर गेज लावून पूर्ण लोडखाली दाब टिकतो का ते पाहावे. दाब पडत असेल तर दोष पंपाचा किंवा फिल्टरचा आहे, इंजेक्टरचा नाही.